उजव्या डोळ्याचं माप

माझं काम गणपतीचे डोळे काढायचं. पेणच्या कारखान्यांत त्याला आखणी म्हणतात. अंगाला रंग देणारी बाई वेगळी, पितांबराचे काठ ओढणारी वेगळी, आणि सगळं झालं की शेवटी मूर्ती यायची ती माझ्यापुढे. मला हे कुणी शिकवलं नाही. बघत बघत हात बसला. तसंच लिहायचंही. शाळा चौथीला सुटली, पुढचं जे काय आलं ते पुडीचे कागद आणि पेपर वाचून. तेव्हा मी बोलते तसंच लिहिणार, तुम्ही सांभाळून घ्या.

नवरा लवकर गेला. मूलबाळ झालं नाही. एक खोली आणि मागे मोरी, एवढं घर. सकाळी कुलूप लावायचं, दिवेलागणीला काढायचं. मधला सगळा दिवस कारखान्यात. तिथे आम्ही बाया जमिनीवर एका ओळीत बसायचो, अगदी गुडघ्याला गुडघा लागून. पुढ्यात पाट, पाटावर मूर्ती, खाली वाकून काम. हात चालू आणि तोंडही चालू. कुणाची सून कशी, कुणाच्या कालवणात मीठ किती, कुणाचा नवरा मिठागरावरून येताना कुठे बसून आला. माझ्या शेजारी काठ ओढणारी बसायची, खाडीकडच्या गावातली, तोंडाची फटकळ. मी डोळा काढायला घेतला की ती हळूच म्हणायची, "गप रा गो आता, बाप्पा जागा होतोय." मग सगळी ओळ तेवढा वेळ गप्प. मी ब्रश उचलला की पुन्हा सुरू. सांगायचं कारण एवढंच, की दिवसभरात मी जे काही बोलायचे ते सगळं त्या ओळीत. खोलीत बोलणार कुणाशी?

तर शिमग्याच्या सुमारास मी वडखळहून मिनीडोर रिक्षाने परत येत होते. म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माझं डोकं लोखंडी दांडीवर आपटलं. टेंगूळ आलं. हळद उगाळून लावली. टेंगूळ बसलं आणि मी विसरले. मग एका सकाळी उठले तर फळीवरचा डबा एकाचे दोन. एक जागच्या जागी आणि दुसरा थोडा खाली, तिरका, एखाद्याने टेकवून ठेवावा तसा. फळीच्याही दोन फळ्या. वरची सरळ, खालची उजवीकडे चढत चढत वरचीला भिडायला निघालेली. डोळे चोळले, पाणी मारलं, काही फरक नाही.

चहा एक कप केला आणि दोन दिसले. एकट्या बाईच्या घरात दोन कप. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी नाही आलं.

खाली बघितलं की सगळ्यात वाईट. पायरी उतरताना दोन पायऱ्या दिसायच्या, पाय कुठल्या पायरीवर टाकायचा? चार-आठ दिवसांत माझं मलाच कळलं, की मान डाव्या खांद्याकडे कलती केली की दोन्ही चित्रं एकमेकांवर येतात. तेव्हापासून मी तशीच कलत्या मानेने हिंडायला लागले. बाहेरून डोळ्याला काही म्हणजे काही नाही. लाल नाही, सूज नाही, पाणी नाही. दुसऱ्याला दिसत असतं तर निदान कुणी विचारलं तरी असतं. हे माझं एकटीचं, माझ्या कवटीच्या आत चाललेलं. दोन दिसतात म्हटलं की लोक म्हणायचे नंबर वाढला असेल, आणि पुढच्या विषयाला लागायचे.

कारखान्यात मात्र लपणार कसं? माझ्या हातची मूर्ती मालकांनी उचलली आणि जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, या बाप्पाचा उजवा डोळा चढलाय." मग दुसरी, तिसरी. पांढरा मारून पुन्हा काढायचे, तरी चढलेलाच. मी उजव्या डोळ्यावर फडकं बांधून बघितलं. एका डोळ्याने सगळं एकच आणि सरळ दिसतं, पण ब्रशचं टोक मूर्तीला टेकलं की अजून अंतर आहे, ते कळेना. बुबुळाच्या जागी ठिपका पडायचा. वरून एक गिऱ्हाईक आलं होतं, घाटावरचं. डोळा बांधलेली बाई देवाचे डोळे काढतेय हे बघून त्या माणसाने मान फिरवली. मालकांनी ते पाहिलं.

मालक चांगला माणूस. मला हाकललं नाही. मागच्या शेडमध्ये पॉलिश पेपर मारायच्या कामावर बसवलं, कच्च्या मूर्ती घासून गुळगुळीत करायच्या. तिथे मी आणि पांढरी भुकटी. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की या सालची आखणी ते स्वतः आणि त्यांचा भाऊ मिळून ओढतील, पण दिवाळीनंतर नवा हंगाम धरतील तोवर डोळा नीट झाला नाही, तर ओळीतल्या माझ्या जागेवर दुसरी बाई बसेल. त्यांचंही बरोबर होतं. पण काम कुठलंही केलं असतं. ती ओळ गेली तर मी कुठे जाणार होते?

पेणच्या डॉक्टरांनी नंबर तपासला, नंबर ठीक. त्यांनी सांगितलं रोह्याला जा, तिथल्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मोठे डॉक्टर डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचं मशीन घेऊन येतात. रोह्याला माझी थोरली जाऊ असायची, कुंडलिकेच्या अंगाला घर. तिच्याकडे उतरायचं ठरवलं. पेणहून रोहा गाडी पकडली. नागोठणं गेलं, निडी गेलं, मी खिडकीला डोकं टेकून बसलेली. रुळाच्या बाजूच्या तारा वर-खाली होतात ना, त्या मला दुप्पट दिसत होत्या आणि एकमेकींना कापत होत्या. डोळे मिटूनच रोह्याला पोचले.

जावेने दारातच बघितलं. "काय गो, मान कशाला वाकडी? एवढ्या वयात नखरे सुचतायत व्हय तुला?" मी काय झालं ते सांगितलं. मग म्हणाली, "उद्या मला पण तू येकाच्या दोन दिसशील तर दोघींना वाढायला लागंल, तांदूळ नाय तेवढे." असं बोलणारी. पण रात्रभर माझ्या अंथरुणाशी तांब्या भरून ठेवला होता, लवंडू नये म्हणून वर ताटली झाकून.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकले. बाहुली मोठी होईपर्यंत बाकावर बसवलं. मग मशीन. एका वाटीत हनुवटी ठेवायची, कपाळ वरच्या पट्ट्याला टेकवायचं आणि आतल्या हिरव्या खुणेकडे बघायचं. अधिकचं चिन्ह असतं तसली खूण. फोटो काढणारी बाई तिशीची असेल. मला मावशी म्हणायची. लख्खकन उजेड पडला आणि संपलं.

डॉक्टरांनी तो फोटो संगणकावर दाखवला. माझ्या डोळ्याची आतली बाजू. मी आयुष्यभर डोळेच काढले, पण डोळ्याच्या आत असं काही असेल हे मनात आलं नव्हतं. सोंडेला आम्ही छटा देतो तसा केशरी रंग सगळीकडे, त्यात तांबड्या शिरा, ओहोटीला खाडीचे फाटे उघडे पडतात तशा. एका बाजूला फिक्कट गोल चकती आणि तिच्यापासून थोडा लांब एक गडद डाग. मला वाटलं, इतक्या आत माझ्या कुणी बघितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चकती म्हणजे डोळ्याची नस आत शिरते ती जागा. डाग म्हणजे आपण ज्या ठिकाणाने नेमकं बघतो ती. चकतीच्या मध्यापासून डागापर्यंत रेघ ओढायची, आणि आडव्या रेघेपासून ती किती कलली ते मोजायचं. थोडा कल सगळ्यांनाच असतो, डाग जरा खालीच असतो. माझ्या उजव्या डोळ्यात तो बराच खाली गेला होता. म्हणजे डोळा आपल्या खोबणीत चाकासारखा बाहेरच्या अंगाला फिरला होता. डोक्याला मार लागला की डोळ्याला धरून ठेवणाऱ्या एका स्नायूची नस दुखावते, त्याने होतं म्हणाले. काही वेळा आपोआप भरून येतं. थांबू, पुन्हा मोजू. त्यांनी जुना फोटोही मागितला, मान आधीपासूनच कलती होती का बघायला. माझा फोटो म्हणाल तर लग्नातला एकच. त्यात मी खाली मान घालून बसलेली. नवरीने दुसरं काय करायचं? त्यावरून त्यांना काही कळेना. एकटीचा फोटो काढायला मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी गेले नव्हते.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच सगळं झालं. डॉक्टर फोटो बघून खूश. कल निम्म्याने कमी झालाय, भरून येतंय म्हणाले. मला काय आनंद झाला. तशीच पेणला आले आणि पहिली गेले ती मालकांकडे. दिवाळीच्या आधी बसते म्हटलं. ओळीतल्या बायांना सांगितलं. शेजारची म्हणाली, "ये बाय लवकर, तुझ्या जागंवर मी टोपली ठेवलीय, कुणाला बसू देत नाय." पण खोलीवर आल्यावर कुलपं अजून दोनच दिसली, आणि एक तिरकंच. मी मनाशी म्हटलं, आत सुधारलंय, बाहेर यायला वेळ लागत असेल. माणूस एकटं असलं की असली समजूत घालायलाही आपणच आणि घालून घ्यायलाही आपणच.

तिसऱ्या खेपेला माप पुन्हा वाढलं. डॉक्टरांनी रेघ पुन्हा ओढून बघितली. त्यांनी लगोलग अजून फोटो काढायला सांगितले. एकात कल कमी, एकात त्याहून जास्त, एकात मधलाच. ते म्हणाले, "डोळा असा घटकेघटकेला फिरत नाही. कुठेतरी मापच चुकतंय. आणि माप पक्कं नसेल तर मी तुम्हाला ऑपरेशनला पाठवणार नाही. स्नायू किती आवळायचा ते कशाच्या भरवशावर सांगू?" ऑपरेशन हा शब्द तेव्हा पहिल्यांदा निघाला. आपोआप भरून येत नाही, हेही तेव्हाच कळलं. गणपती जवळ आले होते. त्यानंतर दसरा, मग दिवाळी.

फोटोवाली बाई मशीनच्या मागे बसायची. त्या दिवशी ती उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि मला पुन्हा बसायला सांगितलं. मी हनुवटी टेकवली, कपाळ टेकवलं, खुणेकडे बघितलं.

ती म्हणाली, "मावशी, आत काय दिसतं?"

"हिरवी अधिकची खूण."

"सरळ दिसते?"

"आधी नाय दिसत. मग मी करते ना सरळ."

"कशी करता?"

मी दाखवलं. पट्ट्याखाली मान डाव्या खांद्याकडे थोडीशी कलती करायची, खुणेची आडवी काडी आडवी झाली की थांबायचं. त्यात माझं मला काही वेगळं वाटलंच नव्हतं. आखणी करताना आधी मूर्ती अशीच धरतात, दोन्ही डोळ्यांची जागा एका पातळीत आली की मगच ब्रश टेकवायचा. पुढ्यात वाकडं काही आलं की ते सरळ करून घ्यायचं, हीच माझी इतक्या वर्षांची सवय. मला तर वाटत होतं, खूण सरळ केली नाही तर फोटो बिघडेल. पहिल्या दिवशी घाबरून ताठ बसले होते, म्हणून माप मोठं आलं. दुसऱ्या खेपेला सरावले आणि खूण पार सरळ करून बसले, तर डॉक्टर म्हणाले सुधारलं. मान जेवढी कलती तेवढा डोळा मागे फिरलेला दिसणार. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि करू नका असंही म्हटलं नव्हतं. ते कुणाच्या ध्यानात यावं?

डॉक्टर डोक्याला हात लावून हसले. म्हणाले, "आम्ही गणित घालतोय आणि तुम्ही आतून उत्तर दुरुस्त करून देताय."

मग नव्याने सुरुवात. मशीनच्या दोन्ही दांड्यांवर खुणा असतात, माझ्या दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे त्या खुणांच्या पातळीत आणले. आणि तरी मान जायची. हनुवटी टेकली, हिरवी काडी तिरकी दिसली की मान आपोआप डावीकडे. मला थांबवताच येईना. शेवटी एका मदतनीस बाईंना फोटोचं बटण दाबायला बसवून फोटोवाली बाई माझ्या मागे आली आणि तिने दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवून डोकं धरलं. सावकाश म्हणाली, "खूण वाकडी दिसेल. वाकडीच राहू द्या."

काय सांगू तुम्हाला. तिचे हात गरम होते. माझं डोकं असं दोन हातांत कुणी धरल्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. आई न्हाऊ घालायची तेव्हा धरायची. त्यानंतर? आणि समोर ती तिरकी काडी, जिला हात लावायचा नाही, जी तशीच बघत राहायची. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोटो गढूळ आला. बाई म्हणाली, असू द्या, पुसा, पुन्हा काढू. पुन्हा गढूळ. तिला वाटलं थेंबांनी चुरचुरतंय. मीही तसंच सांगितलं.

पाणी थांबल्यावर एक फोटो निघाला. मला उठवलं, बाहेर चालवून आणलं, पुन्हा बसवून दुसरा. पुन्हा उठवून तिसरा. तिन्ही फोटोंच्या रेघा डॉक्टरांनी एकावर एक ठेवून बघितल्या. केसाएवढा फरक. माप पहिल्या दिवसापेक्षाही थोडं जास्तच निघालं. आता पक्कं झालं, म्हणाले, आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी दिली.

माझा डोळा मला वाटत होता त्याहून जास्त फिरलाय हे ऐकून मला बरं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण इतके दिवस मी म्हणत होते तिरकं दिसतं, आणि ऐकणारा मान डोलवून सोडून देत होता. आता ते तिथे काढलेलं होतं, रेघेने.

ऑपरेशनला जाऊ बरोबर आली. रुग्णालयाच्या जिन्यात माझा दंड धरून उतरवत होती आणि बडबडत होती, "हळू चल गो, तुला दोन पायऱ्या दिसतात, मला एकपण धड दिसत नाय." पट्टी सुटली आणि समोरची खिडकी एक होती. तिची चौकट सरळ होती. मी मान कलती केली तर उलट ती बिघडायला लागली. मान सरळ ठेवायचं मला पुन्हा शिकावं लागलं.

रोह्याला परत माप घ्यायला गेले. या वेळी बाईने डोकं धरलं नाही, गरजच पडली नाही. माझे कान जरा वाट बघत राहिले, हे खरं. रेघ जवळजवळ जागेवर आली होती. समोर एकच दिसत होतं. फक्त खाली वाकून बघितलं की अजून थोडं सरकायचं, दुसरी कड डोकवायची. डॉक्टर म्हणाले, तेवढं राहील. आणखी आवळलं तर समोरचं बिघडेल. काम करताना वस्तू डोळ्यांच्या समोर ठेवा, मांडीवर नको.

दिवाळी होऊन गेली आणि मी मालकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एक लहान मूर्ती टेबलावर ठेवली, खाली पाट, पाटाखाली पेटी, माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणली. काढा म्हणाले. मी काढले. त्यांनी मूर्ती फिरवून फिरवून बघितली, उजेडात नेली, परत आणली. "वहिनी, जागा तुमची," म्हणाले. सुताराला बोलावून त्यांनी माझ्यासाठी उंच टेबल आणि त्याला शोभेलसं स्टूल करवून घेतलं आणि दोन्ही खिडकीपाशी मांडले, चांगला उजेड मिळावा म्हणून. कुणी कुणासाठी एवढं करत नाही. मी त्यांना हात जोडले.

आणि तिथे मी पुढची सगळी वर्षं बसले, हात थरथरायला लागेपर्यंत. मूर्ती माझ्याकडे उचलून आणून द्यायचे. डोळे सरळ आले, एकही चढला नाही. ओळ खाली, दाराच्या बाजूला, होती तशीच. टोपली उचलून माझ्या जागेवर बाया जरा सरकून ऐसपैस बसल्या होत्या. मी ब्रश टेकवला की गप्प व्हायचं कारण आता नव्हतं, खालचं बोलणं माझ्यापर्यंत तसं पोचतच नव्हतं. पंख्याचा आवाज, मधे रंगाच्या बादल्या. एखादवेळी सगळ्या एकदम हसायच्या. मी स्टुलावरून वाकून बघायला जायचे तर त्या दुप्पट दिसायच्या, म्हणून पुन्हा समोर बघायचे आणि तिथूनच विचारायचे, "काय झालं गो?"

शेजारची, म्हणजे आधीची शेजारची, वर मान करून म्हणायची, "काय नाय बाय, तुझं चालू दे."